तेरला जाऊ या, समुद्राच्या शोधात: पुरुष मंडळाची एका दिवसाची सहल कशी आखावी

आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला जाणाऱ्या पुरुषांचं एक मंडळ आहे. बहुतेक जण निवृत्त. कुणी एसटीत होतं, कुणी जिल्हा परिषदेत, कुणाचं कापड दुकान आता मुलाच्या हातात आहे, कुणाची शेती बटईने दिलेली आहे. बायकांची भिशी असते, भजनी मंडळ असतं, हळदीकुंकू असतं. पुरुषांच्या वाट्याला टपरीवरचा चहा आणि शिळा पेपर. नोकरी सुटली की कितीतरी माणसं बोलायचीच थांबतात, हे आम्ही जवळून पाहिलं. म्हणून एखादा विषय धरून, वर्गणी काढून, सगळ्यांनी मिळून दिवसभर बाहेर पडायचं अशी प्रथा आम्ही पाडली. त्यात सगळ्यात रंगली ती समुद्री व्यापाराच्या इतिहासाची सहल. तिची आखणी कशी करायची ते इथे क्रमाने लिहितो. आम्ही लातूरकर, त्यामुळे वाट लातूर ते तेर अशी आहे. दुसऱ्या गावच्या मंडळांसाठी शेवटाकडे वेगळे पर्याय दिले आहेत.

१. आधी विषय पटवून द्या

पहिल्याच बैठकीत प्रश्न येणार, "मराठवाड्यात समुद्र कुठला, राव?" त्याचं उत्तर तयार ठेवा, कारण सहल रंगणार की नाही ते तिथेच ठरतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण त्याने दख्खनमधली दोन मोठी व्यापारी गावं नावानिशी सांगितली आहेत: पैठण आणि तगर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून साधं कापड भरपूर, शिवाय तलम कापडाचे निरनिराळे प्रकार, गाड्यांवर लादून धड रस्ता नसलेल्या मुलखातून गुजरातमधल्या भडोचच्या बंदराला जात, असं तो लिहितो. हे तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पुरालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ही ओळख पक्की केली.

भडोचला माल जहाजात चढला की मोसमी वाऱ्यांच्या जोरावर अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात, तिथून उंटांवरून नाईल नदीपर्यंत आणि पुढे रोमन साम्राज्यात. म्हणजे तेरच्या तेरणा नदीकाठच्या विणकराचा धागा रोमच्या बाजारापर्यंत पोचत होता. बंदर ही वाटेतली एक पायरी. माल तयार व्हायचा तो इथे, आपल्या काळ्या मातीत. सहलभर हे एकच सूत्र धरून ठेवा: समुद्रावर गेलेल्या मालाचं मूळ गाव पाहायला आपण चाललो आहोत.

कुणी म्हणेल, "हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं, त्यानंतर काय?" त्यांना शिलाहार राजांची बिरुदावली सांगा. ठाण्याहून उत्तर कोकणावर राज्य करणारे हे राजे, बंदरांचे मालक. पण ताम्रपटांत स्वतःला म्हणवून घेत 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी. समुद्रकाठी राहून ते मोठेपणा सांगत होते तो तेरचा. आमच्या बैठकीत हे सांगितल्यावर नावं द्यायला लोक पुढे आले.

२. तारीख ठरवताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर दुपारी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर उभं राहणं सत्तरीच्या माणसाला झेपत नाही.

सोमवार टाळा, कारण शासकीय संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात. सरकारी सुटी असेल तर आधी फोन करून खात्री करा. चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमाराला संत गोरा कुंभारांची यात्रा भरते. यात्रा बघायची असेल तर ती वेगळी बघा. त्या गर्दीत इतिहास बघून होत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सुचत नाही. हिवाळ्यात उसाचा हंगाम चालू असतो. मुरूड-ढोकी पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या, त्याही दोन-दोन जोडलेल्या, रस्ता अडवून चालतात. अंधार पडल्यावर त्यांच्या मागे दिवे असतीलच असं नाही. त्यामुळे दिवस मावळायच्या आत परतीच्या वाटेला लागायचंच, हे आधीच ठरवून घ्या.

३. किती जण आणि वर्गणी किती

वीसच्या आसपास माणसं बरी. त्याहून जास्त झाली की संग्रहालयात मागच्यांना काहीच दिसत नाही आणि ते बाहेर येऊन बिडी ओढत बसतात.

वर्गणी आधी घ्या, नाव नंतर लिहा. "माझं नाव धरा, पैसे देतो" म्हणणाऱ्यांतले काही जण आदल्या रात्री लग्नाचं निमंत्रण पुढे करतात आणि रिकाम्या खुर्चीचा खर्च बाकीच्यांवर पडतो. एखाद्याला वर्गणी जड जात असेल तर ते खजिनदाराने गुपचूप निभावून घ्यावं, ग्रुपवर चर्चा नको. आमच्याकडे ज्यांचं बरं आहे ते थोडे जास्त देतात आणि कुणी कुणासाठी दिले हे खजिनदाराशिवाय कुणालाच कळत नाही.

कामं वाटून द्या: एक खजिनदार, एक गाडीचा जबाबदार, एक औषधपाण्याचा आणि एक वेळ पाळणारा. वेळ पाळणारा माणूस थोडा कडक निवडा. आमचं हे काम एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे असतं. त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

४. गाडी

तीन पर्याय आहेत.

पहिला, एसटीच्या नेहमीच्या फेऱ्या. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत प्रवास, त्यामुळे खर्च जवळजवळ शून्यावर येतो. पण वीस जणांना एकाच गाडीत जागा मिळणं आणि परतीची वेळ साधणं कठीण. सात-आठ जणांचा गट असेल तरच हा विचार करा.

दुसरा, एसटी प्रासंगिक करारावर घेणं. आगारात लेखी अर्ज द्यावा लागतो, रक्कम आगाऊ भरावी लागते, भाड्याचा हिशोब किलोमीटर आणि तासांवर असतो. अर्ज निदान आठ-दहा दिवस आधी द्या. लग्नसराईत आणि शाळांच्या सहलींच्या दिवसांत गाडी मिळत नाही.

तिसरा, खासगी ट्रॅव्हलर. वीसेक जणांना हाच सोयीचा. गाडीची पाटी पिवळी आहे ना, ते आधी बघा. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण भाड्याने माणसं नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. परवाना, विमा, फिटनेस आणि पीयूसी या चार कागदांचे फोटो मागवून घ्या. भाडं ठरवताना टोल, चालकाचं जेवण आणि जादा किलोमीटरचा दर कागदावर लिहून घ्या. तोंडी बोलण्यावरून संध्याकाळी वाद होतात.

५. परवानगी आणि कागदपत्रं

तेरच्या संग्रहालयाला मंडळाच्या नावाने एक साधं पत्र द्या: किती जण, कोणत्या तारखेला, किती वाजता येणार, आणि माहिती सांगायला कुणी मिळेल का. वीस माणसं न कळवता एकदम दारात उभी राहिली की तिथल्या मोजक्या कर्मचाऱ्यांची तारांबळ होते. पत्र दिलं तर बरेचदा कुणीतरी आपुलकीने वस्तू समजावून सांगतं.

सोबत ठेवायचे कागद:

- प्रत्येकाचं आधार कार्ड, मूळ किंवा छायाप्रत
- सगळ्यांची नावं, वय, घरचा फोन आणि रक्तगट लिहिलेली यादी, दोन प्रती: एक गाडीत, एक घरी राहणाऱ्या कुणाकडे
- ज्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास आहे त्यांच्या औषधांची चिठ्ठी
- संग्रहालयाला दिलेल्या पत्राची पोच
- गाडीच्या कागदांचे फोटो

६. सोबत काय घ्यायचं

पाण्याचा वीस लिटरचा जार आणि स्टीलचे पेले. दोन सतरंज्या. टोप्या किंवा उपरणी. दोन भिंगं (शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतात, मणी आणि नाणी बघताना त्यांचा किती उपयोग होतो ते तिथेच कळतं). गुडघेदुखी असलेल्यांसाठी घडीचं स्टूल. गूळ, शेंगदाणे, बिस्किटं, कारण मधुमेहाच्या माणसाला जेवायला उशीर होऊन चालत नाही.

आणि एक मोठा छापील नकाशा. मोबाइलच्या पडद्याभोवती वीस डोकी जमत नाहीत. नकाशावर तेर, पैठण, जुन्नर, नाणेघाट, कल्याण, सोपारा, चौल आणि भडोच ही ठिकाणं लाल स्केचपेनने ठळक करून आणा.

लाजून कुणी बोलत नाही म्हणून स्पष्ट लिहितो. साठीनंतर पुरुषांना लघवीला वारंवार जावं लागतं. ती अडचण नको म्हणून पाणीच न पिणारे आणि मग चक्कर येणारे लोक असतात. काही जण तर याच भीतीने सहलीला येत नाहीत. दर तासाला गाडी थांबेल, हे आधीच जाहीर करा आणि पाळा. स्वच्छ शौचालय असलेला पेट्रोल पंप कुठे आहे ते आधीच हेरून ठेवा.

७. गाडीतला वेळ वाया घालवू नका

लातूरहून मुरूड, ढोकी करत तेर. थांबे धरून दीड-दोन तास लागतात. सकाळी साडेसातला गाडी हलली पाहिजे. मुरूडला चहा झाला की नकाशा उलगडा आणि सगळ्यांना एक हिशोब घाला.

पेरिप्लसचा लेखक म्हणतो, भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तगर आणखी दहा दिवस. भडोच ते पैठण आजच्या रस्त्याने चारशे-साडेचारशे किलोमीटर. म्हणजे दिवसाला वीस-बावीस किलोमीटर. लादलेली बैलगाडी दिवसाला किती चालते, हे आमच्यातल्या शेतकरी मंडळींना विचारलं. लहानपणी बाजारला गाड्या नेलेली माणसं ती. त्यांनी हिशोब न करताच सांगितलं, "बैल राखून चालवायचे तर सहा-सात कोस." कोस दोन मैलांचा धरला तर वीस-बावीस किलोमीटर. आकडा जुळला. कुठल्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली गोष्ट आपल्या बाजूच्या सीटवरच्या माणसाच्या अनुभवाशी जुळते म्हटल्यावर गाडीतल्या पेंगणाऱ्यांनीही डोळे उघडले.

मग दुसरा प्रश्न टाका: भडोच एवढं लांब, त्यापेक्षा कल्याण जवळ. तिकडे माल का नेत नसत? याचंही उत्तर पेरिप्लसमध्ये आहे. कल्याण आधी चालतं बंदर होतं; पण पुढे तिथे अडवणूक सुरू झाली आणि तिथे लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेण्याची वेळ येऊ लागली. त्या काळी दख्खनचे सातवाहन राजे आणि पश्चिमेचे क्षत्रप राजे यांच्यात बंदरांवरून झगडा चालू होता. नाणेघाटात कोरलेला सातवाहनांचा लेख आणि तिथला दगडी रांजण कल्याणच्याच वाटेवरचे. त्या रांजणात जकात टाकत, असं परंपरेने सांगतात. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला घाट, जकात नाका आणि वळसा हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यांनाच बोलू द्या.

८. तेरमध्ये

*आधी संग्रहालय.* दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटतात, म्हणून हे काम सकाळीच. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहावर हे संग्रहालय उभं राहिलं. तेरच्या शेतांत, ओढ्यात, पावसाने उघड्या पडलेल्या मातीत सापडणाऱ्या वस्तू या गृहस्थांनी आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्याविषयी सगळ्यांना आधी सांगा. पदवी, पगार, आदेश यातलं काही नसताना एका गावच्या माणसाने हे केलं. निवृत्तीनंतर काय करायचं, असा प्रश्न पडलेल्या माणसांनी ते ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

पाच-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक चिठ्ठी द्या. नुसतं "बघा" म्हटलं तर दहा मिनिटांत सगळे बाहेर. चिठ्ठीवरचे प्रश्न असे ठेवता येतात:

- इथली कोणती वस्तू ज्यातून बनली ते या मातीत सापडत नाही?
- कोणत्या वस्तूवर परक्या देशाची छाप दिसते?
- कोणती वस्तू तुमच्या आजीच्या घरात होती?

पहिल्या प्रश्नाला भरपूर वेळ द्या. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे नीट बघा. शंख आडवा कापून त्याच्या चकत्या काढल्या की बांगडी होते. भिंगातून पाहिलं तर शंखाची मूळची वळणं काही तुकड्यांवर दिसतात. समुद्रापासून इतक्या आत, तेरणेच्या काठी ही वस्तू आली कशी? कच्चा शंख गाडीवरून आला असेल की तयार बांगडी? आमच्या कापड दुकानदारांचं म्हणणं, कच्चा माल वाहून न्यायला स्वस्त, म्हणून कारागीर बाजाराजवळ बसतो. तगरला समुद्रकाठच्या प्रदेशांतून माल येत असे, हेही पेरिप्लसमध्ये लिहिलेलं आहे. इकडून कापड समुद्राकडे आणि समुद्राकडचा माल इकडे, अशी दोन्हीकडची ये-जा होती.

दुसऱ्या प्रश्नासाठी हस्तिदंती स्त्रीमूर्ती. ती आरशाची मूठ असावी, असं अभ्यासक मानतात. हिच्याच जातकुळीतली एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही अशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा अवशेष मिळाला. पॉम्पेईच्या मूर्तीचा रंगीत फोटो छापून न्या आणि तेरच्या मूर्तीशेजारी धरून बघा: केसांची रचना, दागिने, उभं राहण्याची ढब. सगळे आपोआप शांत होतात.

पांढऱ्या चिकणमातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या बाहुल्याही सोडू नका. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली रेघ बाजूने पाहिलं की ध्यानात येते. दोन साच्यांत माती दाबून जोडायची आणि आतून पोकळ ठेवायची ही रीत रोमन संपर्कातून आली, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. चेहरे मात्र अगदी इथले.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही याच संग्रहालयात आहे. इतकं जुनं लाकूड टिकलेलं महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसतं. चौकटीवरच्या कोरीव पट्ट्यांत किती आकृत्या ओळखता येतात बघा.

इथे एक सापळा आहे. सातवाहनांच्या काही शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे हे कुणीतरी वाचलेलं असतं आणि तो माणूस दिवसभर तेच नाणं शोधत राहतो. ती नाणी मुख्यत्वे पूर्व किनाऱ्यावर, आंध्रकडे सापडतात. त्याचा फोटो छापून न्या आणि विषय मिटवा.

फोटो काढण्याआधी विचारा. काचेला टेकू नका.

*मग त्रिविक्रम मंदिर.* विटांचं हे देऊळ बाहेरून एक फेरी मारून बघा. मागची बाजू चौकोनी नाही, हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. मुळात हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, असावं आणि नंतर ते विष्णूचं मंदिर झालं, असं मानतात. महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या बांधीव वास्तूंमध्ये याची गणना होते. व्यापारी जिथे थांबत तिथे विहार, चैत्य उभे राहत आणि त्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी असत. पश्चिम घाटातल्या लेण्यांतले लेख याची साक्ष देतात. आत पूजा चालते, तेव्हा चपला बाहेर आणि आवाज हळू.

*गोरोबाकाकांची समाधी.* तेरणेच्या काठी. इथे सगळ्यांना दर्शन घेऊ द्या, घाई करू नका. संत गोरा कुंभारांचं गाव हेच. तेरच्या उत्खननांत खापरांचे थरच्या थर निघाले, आणि त्याच मातीत मडकी घडवणाऱ्या माणसाच्या समाधीपाशी आपण उभे असतो. आमच्यातल्या एकांनी इथे अभंग म्हटला, बाकीच्यांनी टाळ्यांवर साथ दिली.

सहल आखताना याचा एक व्यावहारिक उपयोगही होतो. तेरचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, "तुळजापूर जवळच आहे, दर्शन घेऊनच येऊ." हे मान्य केलंत तर सहल गेली. तुळजापूरची रांग अर्धा दिवस खाते. दर्शन तेरलाच होणार आहे हे आधी सांगा, आणि आईच्या दर्शनाला वेगळा दिवस काढा.

*शेवटी पांढर.* जुन्या वस्तीची टेकाडं गावाभोवती आहेत. १९५८ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक चापेकरांनी इथे उत्खनन केलं, पुढेही वेळोवेळी झालं. आपण कडेने चालायचं. पायाखाली खापरांचे तुकडे, विटांचे कोपरे दिसतात. काहीही उचलायचं नाही. मणी असो, नाणं असो, खापराचा तुकडा असो. पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे, भूमिगत धनासाठी १८७८ चा. कायदा बाजूला ठेवला तरी, वस्तू जिथे पडली आहे तिथून हलवली की ती कोणत्या थरातली, कोणत्या काळातली, हे सांगायला काहीच उरत नाही. कुणी खिशातून "जुनं नाणं" काढून विकायला आलं तर नम्रपणे नको म्हणा. नातवाला दाखवायला म्हणून एक तुकडा खिशात टाकायचा मोह चांगल्या चांगल्या माणसांना होतो, म्हणून गाडीतून उतरतानाच सगळ्यांना बजावा.

९. जेवण आणि बोलणं

जेवण एक वाजता, मागेपुढे नाही. आधी सांगून ठेवलं तर गावात भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असं साधं जेवण करून मिळतं. नाहीतर घरून डबे. डिसेंबर-जानेवारीत कुणाच्या तरी पाहुण्याच्या शेतात हुरड्याचं आमंत्रण येईल. हुरडा सुटत नाही हे मलाही मान्य आहे, पण तो परतीच्या वाटेवर, आणि तासभरच.

जेवणानंतर झाडाखाली सतरंज्या टाका. प्रत्येक गटाने आपल्या चिठ्ठीचं उत्तर सांगायचं. प्रत्येकाला दोन मिनिटं, वेळ मुख्याध्यापकांकडे. नेहमी बोलणाऱ्यांना शेवटी ठेवा आणि गप्प राहणाऱ्यांना आपण होऊन विचारा, तेही त्यांच्या धंद्यातलं. आमच्यात एक जण आहेत, बायको गेल्यापासून बोलणं फार कमी झालेलं. जन्मभर सूतगिरणीत काढलेला माणूस. मलमलीसाठी सूत किती बारीक कातावं लागतं, आपल्या हवेत ते का तुटतं, ओल कशी धरावी लागते, हे त्यांनी त्या दिवशी सांगायला घेतलं आणि दोन मिनिटांचा नियम मुख्याध्यापकांनी स्वतःहून बाजूला ठेवला.

१०. तुम्ही लातूर-धाराशिवचे नसाल तर

*छत्रपती संभाजीनगरहून:* पैठण आणि शहराजवळची औरंगाबाद लेणी एका दिवसात होतात. लेण्यांतल्या सातव्या लेण्याच्या ओसरीत, आठ संकटांतून सोडवणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर कोरला आहे. त्या आठांत फुटणारं जहाजही आहे. डोंगरातल्या या शिल्पाला समुद्राची भीती माहीत होती, कारण तिथे डोकं टेकवणाऱ्यांत समुद्रावर जाणारे व्यापारी होते. पायऱ्या आहेत, तेव्हा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आधी सांगा. याच शहराचा पाया, तेव्हाच्या खडकीचा, १६१० मध्ये मलिक अंबरने घातला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला जात समुद्रापलीकडून दख्खनला आलेला हा माणूस. त्याची कबर खुलताबादला आहे.

दौलताबादला जाणार असाल तर गडावर यादवांच्या आरमारी लढाईची आठवण सांगा. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने उत्तर कोकणच्या सोमेश्वर शिलाहाराशी समुद्रावर युद्ध केलं आणि सोमेश्वर बुडून मेला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती हीच असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. तगरचं बिरुद मिरवणारं घराणं देवगिरीच्या राजाने समुद्रात बुडवलं: दोन्ही नावं मराठवाड्यातली.

*जालन्याहून:* अजिंठा, वाटेत भोकरदनला केळना नदीकाठची लेणी. अजिंठ्याला पूर्ण दिवस धरा. सोमवारी बंद. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्याला सोडून तिथल्या बसने चार किलोमीटर जावं लागतं, त्या रांगेचा वेळ हिशोबात घ्या. चढ न झेपणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात, दर आधी ठरवा. दुसऱ्या लेण्यात पूर्णाच्या बौद्ध कथेतलं तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी. जहाजावर ओळीने मांडलेले रांजण बघा. सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेत जहाजांतून उतरणारी फौज आहे. उजेड मंद असतो, फ्लॅश चालत नाही. आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं उभे राहा, मग चित्रं दिसू लागतात.

*नांदेड, परभणी, हिंगोलीहून* एका दिवसात तेर करायचं तर पहाटे निघावं लागेल. वयस्कर गटाने धाराशिवला मुक्काम धरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धाराशिव लेणी बघून परतावं.

११. परत आल्यावर

जमाखर्च त्याच रात्री ग्रुपवर टाका, पावत्यांच्या फोटोंसकट. उरलेले पैसे परत द्या किंवा सगळ्यांच्या संमतीने पुढच्या सहलीला ठेवा. पण दोन दिवस गप्प बसू नका. पैशाच्या बाबतीत शंका फार लवकर धरते.

संग्रहालयाला आभाराचं पत्र पाठवा आणि त्यात मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा उल्लेख करा. अशी पत्रं त्यांना फार थोडी जातात. गटांच्या चिठ्ठ्यांवरची उत्तरं एका वहीत उतरवून घ्या, ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडून. आम्ही त्या वहीची छायाप्रत शेजारच्या शाळेत दिली. तिथल्या इतिहासाच्या बाईंनी नकाशा मागून घेतला आणि सूतगिरणीच्या काकांना मुलांशी बोलायला बोलावलं. त्यांनी होकार द्यायला आठवडा लावला, पण दिला.